पत्रा सांगितला, कुत्रा लपवला

माझा दादा चुकीच्या सुईच्या भरवशावर मेला.

आज त्याची पुण्यतिथी, म्हणून लिहितोय.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. आम्ही मालवणकडचे, राहायला विक्रोळीच्या चाळीत. दादा कंपनीत लेथवर. मी सातवीत शाळा सोडलेला, एकविसाव्या वर्षी मस्कतला शटरिंगच्या कामावर.

पत्रं लिहिणार कोण? दादा टेपवर कॅसेट भरायचा आणि गल्फला निघालेल्या कोणाच्या तरी हाती पाठवायचा.

अशाच एका कॅसेटमध्ये आधी आई, "जेवतस मां रे वेळेवर?"

मग दादा, हसत हसत.

"अरे, आपला मोत्या चावला मला. भाकरी टाकायला गेलो तर पोटरीच धरली. दोन दिवसांनी साला स्वतःच मेला. माझं रक्त पचलं नाय त्याला."

मागून वहिनी, "हसताय काय? डॉक्टरशी खोटं बोललात ते पण सांगा."

"मग काय करू? कुत्रा म्हटलं की पोटात चौदा सुया. मी बोललो, पत्रा लागला. एकच मारली दंडावर. विषय खल्लास."

कॅम्पातली पोरं हसली. मला ते मोत्या मेल्याचं खटकलं.

साइटच्या डॉक्टरला विचारलं. तो बोलला, चावून दोन दिवसांत मेला म्हणजे कुत्रा पिसाळलेला असणार. ती सुई धनुर्वाताची. तो जंतू वेगळा, रेबीजचा वेगळा. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. रेबीज मेंदूत पोचला की मग औषधच नाही. रेबीजची लस आजच्या आज घ्यायला सांग.

ट्रंक कॉल लावला. चाळीखालच्या वाण्याने दादाला बोलावून आणलं.

"दादा, ती सुई कुत्र्याची नाय रे."

"सुई ती सुई. जखम पण सुकली."

"सुकू दे. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जा आणि खरं सांग."

"तू तिकडे शटरिंग करतो की डॉक्टरकी?"

"वहिनीला दे फोन."

"ती नळावर आहे. आणि तिला घाबरवू नको हां फुकट."

लाइन कटली.

परत लावला, लागला नाही. चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी पोचायच्या आधी मलाच तार आली.

वहिनी सांगते, शेवटी घोटभर पाणी पुढे केलं तरी घसा आवळायचा त्याचा. तहान लागलेली, आणि पिता येत नव्हतं.

राग काढू कोणावर? डॉक्टरला पत्रा सांगितला, त्याने पत्र्याचं औषध दिलं. त्याची काय चूक?

एक वाक्य खरं बोलायचं होतं यार. एकच.

आता पोटात सुया देत नाहीत, दंडावर देतात. तरी लोक लपवतात. घरचं कुत्रं आहे, नुसतं खरचटलंय, टीटी घेतलंय ना.

अरे, टीटी धनुर्वाताचं, रेबीजचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, लगेच दवाखान्यात जा आणि काय चावलं ते सांगा.

दादा, माझा राग अजून गेलेला नाही.

तरी पाया पडतो.