पुष्कलाचं पहिलं पान

१९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी चर्चला गेले. दुपारी वाचनालयात पुष्कलाच्या कादंबरीचं प्रकाशन, अध्यक्ष मी. गर्दी सगळी मंचावर, समोर मोजकीच माणसं. सभा अर्धी वाचनालयात झाली, अर्धी बोटीवर. घरी पाहुणे मुक्कामाला.

शाळेत सिस्टर बेनिग्ना आम्हाला रोजनिशी लिहायला लावायच्या. म्हणायच्या, घडलं ते वहीत लिहा, वाटलं ते देवाला सांगा. जन्मभर तेच करत आले, आता सगळा गाव मला अम्मच्ची, म्हणजे आजी, म्हणतो तरी. पण ही हकीगत चार ओळींत मावेना, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

पुष्कला वाचनालयाजवळच्या बोटीच्या धक्क्यावर बायकांचे कपडे शिवते. नवरा उदयप्पन हाऊसबोटीवर स्वयंपाकी. आई कार्त्यायनी पलीकडच्या बेटावर राहते. तिने आयुष्यभर बदकं राखली. भातकापणी झालेल्या शेतात बदकं सोडायची आणि होडीतून त्यांच्या मागे हिंडायचं, हा तिचा धंदा. पुष्कला त्या होडीतच वाढली.

ती लिहिते हे गावाला कळलं ते ब्लाउजांमुळे. एकदा माझा ब्लाउज आला, त्याची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब.

"पुष्कले, हे काय गं?"

"अम्मच्ची, तेव्हा चोर बदकं घेऊन पळत होता," ती म्हणाली. "माझं लक्ष तिकडे."

ओणमच्या सुमारास तर कादंबरीत पूर आला, आणि निम्म्या गावाने सणाला जुनेच ब्लाउज घातले.

हल्ली आमच्याकडे नवे लेखक असे कुठूनही उगवतात. वाचनालयात नव्या पुस्तकांचं वेगळं कपाट आहे. त्यात कुवेतमधल्या नर्सच्या कथा आहेत, लॉरी ड्रायव्हरच्या आठवणी आहेत, एका पोस्टमनने लिहिलेली भुताची कादंबरी आहे. पूर्वी पुस्तकं प्राध्यापक लिहायचे आणि आम्ही वाचायचो. आता पुस्तकं आम्ही लिहितो आणि प्राध्यापक प्रस्तावना लिहितात.

कोळिकोडच्या एका लहानशा प्रकाशकाने 'बदकं मोजणारी' छापली. पहिली प्रत हातात पडताच पुष्कला आईकडे धावली. कार्त्यायनीला वाचता येत नाही. तिने पुस्तक उलटसुलट केलं, वास घेतला आणि परत दिलं.

"वाचून दाखवू, अम्मा?"

"नको. घरात वाचशील तर नको ते गाळशील. माझ्याबद्दल काय लिहिलंयस ते चार माणसांसमोर वाच."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर नुसते ब्लाउज शिव. बायका दुवा देतील."

त्या संध्याकाळी पुष्कला माझ्या ओसरीवर येऊन बसली. "अम्मच्ची, पेपरवाले काहीही लिहू देत. पण अम्माने नाक मुरडलं ना, तर दुसरी कादंबरी माझ्याच्याने होणार नाही." प्रकाशनात तिने पहिलं पान वाचायचं, असं आम्ही ठरवलं.

आमच्याकडे प्रकाशनाची रीत पक्की. एक मोठा माणूस पहिली प्रत दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात देतो, मग शुभेच्छा देणारे बोलतात, आणि लेखकाची पाळी सगळ्यांत शेवटी. सगळ्यांची नावं नोटिशीत छापून ती घरोघर वाटतात. ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर वाचनालयाची पायरी चढत नाही. आमचा चिटणीस शशांकन स्वभावाने भित्रा. कुणी रुसू नये म्हणून त्याने गावातल्या एकूण एक वाचकाचं नाव शुभेच्छांत घातलं. त्यामुळे वाचणारा सगळा गाव मंचावर बसला, आणि ऐकायला उरल्या कार्त्यायनी, तिच्या दोन शेजारणी आणि बोटीची वाट पाहणारे काही प्रवासी.

कोट्टयमच्या प्राध्यापकांनी पहिली प्रत पंचायतीच्या अध्यक्षाबाईंच्या हातात दिली.

"लेकीचं पुस्तक त्या बाईला का दिलं?" कार्त्यायनी खालून ओरडली. "तिला बदकांतलं काय कळतं?"

"रीत आहे, अम्मा," शशांकन म्हणाला.

"मग परत देईल ना?"

शुभेच्छा सुरू झाल्या. पहिल्या वक्त्याने जगातल्या कादंबरीचा इतिहास घेतला आणि बदकांपर्यंत तो पोचलाच नाही. बँकेचे निवृत्त मॅनेजर पुष्कलाने त्यांच्या बायकोला शिवलेल्या ब्लाउजांवर बोलले. निदान ती वस्तू त्यांनी पाहिलेली होती. मी घंटी वाजवत होते, पण आमचे वक्ते घंटीला टाळीच समजतात.

निम्मे वक्ते बाकी असताना धक्क्यावर शेवटच्या बोटीचा भोंगा वाजला. कार्त्यायनी पदर खोचून उठली. "मी चालले. ह्यांचं चालू दे."

पुष्कला हातातल्या पुस्तकाकडे बघत नुसती बसून राहिली. मलाही तीच बोट गाठायची होती, माझं घर कार्त्यायनीच्या पुढच्या धक्क्याला. मी माईक ओढून घेतला. "सभा संपलेली नाही. उरलेली सभा बोटीवर होईल. ज्याला बोलायचंय त्याने तिकीट काढावं."

"अम्मच्ची, असं नोटिशीत नाही!" शशांकन रडकुंडीला आला.

"पुढच्या नोटिशीत घाल."

वक्ते मंचावरून हलले नाहीत. प्राध्यापक मात्र उत्साहाने आले. परत कसं यायचं हे त्यांना सुचलंच नव्हतं.

बोटीत पुष्कला आईसमोर उभी राहून वाचू लागली, पण इंजिनाच्या धडधडीत तिचा आवाज बुडाला.

"चेची, मोठ्याने!" कंडक्टर म्हणाला. "तिकिटं देता देता मीही ऐकतो."

पुष्कलाने आवाज चढवला. "'संध्याकाळी बदकं कमी भरली. तिने मुलीला दोरीने होडीच्या फळीशी बांधलं आणि ती पाण्यात उतरली.'"

"दोरीने नाही, पदराने," कार्त्यायनी म्हणाली. "दोरी काचली असती."

"अम्मा, ही कादंबरी आहे."

"कादंबरीतल्या पोरीला काचत नाही?"

सगळी बोट हसली. पुष्कलाने प्राध्यापकांच्या खिशातलं पेन काढलं, 'दोरीने' खोडलं आणि पुढे वाचलं. "'आईला बदकं जास्त प्रिय की आपण, हे त्या मुलीला कधीच विचारता आलं नाही.'"

कार्त्यायनी बाहेर पाण्याकडे बघत राहिली. पुष्कलाने पान संपवलं आणि पुस्तक मिटलं. तेवढ्यात बोट कार्त्यायनीच्या धक्क्याला लागली. शेजारणी उतरल्या. कंडक्टरने हाक मारली. कार्त्यायनी जागची हलली नाही.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, अम्मा?"

"सापडली का तिला बदकं?"

"तुला माहीत आहे ना! तूच तर..."

"मला माझं माहीत आहे. हिचं सांग."

पुष्कलाने पुस्तक पुन्हा उघडलं. बोट सुटली, आणि उलटी जाणारी बोट आता उद्याच, म्हणून त्या मायलेकी आणि प्राध्यापक माझ्या धक्क्याला माझ्याबरोबर उतरले. बदकं सापडेपर्यंत कुणी जेवायला उठलं नाही.

उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, सगळ्यांना पुरला, तारल्यांचं कालवण कमी पडलं.