साठ लॅपटॉप आणि टिकल्यांचं पाकीट

गोदावरीपासून मांजरेपर्यंतच्या मुलखात लॅपटॉप पालथा घालून त्याची अख्खी कुळकथा सांगणारा माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी छाती फुगवून सांगतो. लोक आपल्या पाहुण्यांत कलेक्टर आहे, डॉक्टर आहे म्हणून सांगतात. मी सांगतो की आमचे साडूभाऊ नांदेडला ऑफिसांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज टाकतात. ऐकणारा तोंड वाकडं करतो. ‘विंडोज तर आमच्या गल्लीतलं पोरगंही मारतं,’ म्हणतो. अहो, मारतं ना! पण मारल्यावर आवाज येत नाही, वायफाय दिसत नाही, बाण स्क्रीनच्या एका कोपऱ्यात जाऊन बसतो, त्याचं काय? लॅपटॉपच्या प्रत्येक भागाला कामाला लावायला ड्रायव्हर नावाची एक छोटी फाईल लागते. पडद्याची वेगळी, आवाजाची वेगळी, वायफायची वेगळी. शिवाय वरून एकसारखे दिसणारे दोन लॅपटॉप आतून वेगळे निघू शकतात. याचा ड्रायव्हर त्याला घातला की झालाच घोळ. असा घोळ होऊ न देणं हाच साडूभाऊंचा धंदा आणि तोच त्यांचा छंद.

कोणाच्याही घरी गेले की ते आधी लॅपटॉप पालथा घालतात आणि चष्मा कपाळावर सारून खालचं स्टिकर वाचतात. एकदा भोकरला आम्ही माझ्या पुतणीसाठी मुलाचं घर बघायला गेलो होतो. पोहे आले, चहा आला, बोलणं शेतीवरून नोकरीवर आलं आणि मी पाहतो तर काय, साडूभाऊंनी कोपऱ्यातला मुलाचा लॅपटॉप मांडीवर उताणा निजवलेला! परतताना जीपमध्ये सगळ्यांनी त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, “मुलगा लई चांगला हाय. पण लॅपटॉपचे दोन स्क्रू न्हाईत. कोणी उघडला, का उघडला, इचारून घ्या.” सोयरीक जमली. ते स्क्रू पुढच्या फेरीला साडूभाऊंनीच नेऊन बसवले आणि मगच साखरपुड्याचा पेढा तोंडात टाकला.

त्यांच्या घरात कपाटाचे तीन कप्पे जुन्या ड्रायव्हरांच्या हार्डडिस्कांनी भरलेत. आमच्या ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंच्या, पैठण्या त्यापायी ट्रंकेत गेल्या. कोणत्या ऑफिसचा कोणता लॅपटॉप, त्याला कोणता ड्रायव्हर, सगळं वेगवेगळं लावून ठेवलेलं. सगळे ड्रायव्हर एकाच सीडीत कोंबून ‘मशीन आपलं आपण शोधून घेईल’ म्हणणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. “मशीनला काय कळतंय? हाती येईल ते गिळतंय,” ते म्हणतात. हा स्वभाव आजचा नाही. भूकंपाच्या वर्षी ते कॉलेजात होते, पोरांबरोबर एका पडलेल्या गावात मदतीला गेले. सामानाचे ट्रक आले, शाळेच्या मैदानावर चपला-बुटांचा ढीग पडला आणि जोडी काही लागेना. पोरं धान्य वाटायला, तंबू ठोकायला धावली. हे गृहस्थ तीन दिवस त्या ढिगात बसून जोड्या लावत होते. कोणी हसलं तर म्हणायचे, “एका पायाचा बूट देऊन काय फायदा?” तिथल्या म्हाताऱ्यांनी तो पोरगा लक्षात ठेवला. मला हे त्यांच्याकडून नव्हे, पुढे एका म्हाताऱ्याकडूनच कळलं.

आता लातूरची गोष्ट सांगतो. सांगायला जीव कचरतो, पण सांगतो. मी तिथे एका कोचिंग क्लासचं ऑफिस सांभाळत होतो. दिवस असे होते की अहमदपूर, उदगीर, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायची आणि गल्लीगल्लीत नवा बोर्ड लागायचा. आमच्या सरांनी परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि साठ लॅपटॉप मागवले. मी शब्द टाकला आणि काम साडूभाऊंना मिळालं. सरांनी स्पष्टच सांगितलं, “रविवारची परीक्षा नीट झाली तर पाचही शाखांचं वर्षाचं काम यांना. नाहीतर पुण्याची पार्टी तयार आहे.” साडूभाऊंनी आयुष्यात एवढं मोठं काम पाहिलं नव्हतं. शनिवारी पहाटेच्या एसटीने आले, तर अंगात नवा शर्ट!

हॉलमध्ये पाऊल टाकताच साठही लॅपटॉप पालथे. स्टिकरं वाचून म्हणाले, “पाव्हणे, हे दोन घाण्यांचे हायेत. नाव एक, पण आतून चाळीस वेगळे, वीस वेगळे.” मग खिशातून ताईंच्या टिकल्यांचं पाकीट काढलं! चाळिसांना लाल टिकली, विसांना हिरवी, सगळ्यांना झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात, बोटभर जागा सोडून. दोन पेनड्राइव्ह, त्यांनाही लाल आणि हिरवी टिकली. लालला लाल, हिरव्याला हिरवा, म्हणजे चूक व्हायचं कामच नाही. मग ते माझ्या घरी जेवायला गेले.

आणि सरांचा फोन आला, पालकांना हॉल दाखवायला आणतोय. मी बघतो तर साठ लॅपटॉप टिकल्या लावून हळदीकुंकवाला बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भराभर सगळ्या टिकल्या उपटल्या, रांगा सरळ केल्या, त्यात काही इकडचे तिकडे झाले. पालक आले, खूश होऊन गेले. मी टिकल्या पुन्हा लावल्या. पुढच्यांना लाल, मागच्यांना हिरव्या, साधारण आठवेल तशा. नाव तर एकच आहे, असा काय मोठा फरक पडणार, असं मला वाटलं. आणि साडूभाऊ जेवून आल्यावर मी अवाक्षर बोललो नाही.

त्यांनी टिकली बघत काम उरकलं. साठही लॅपटॉप झकास चालले. सर म्हणाले, “वा!” पण साडूभाऊंचा एक नेम आहे: झाकण लावा, चहा घ्या, मग उघडा. लॅपटॉप झोपून उठला तरच तो शहाणा. सर घड्याळ बघत होते तरी त्यांनी सगळी झाकणं लावली, चहा प्यायले आणि उघडली. अकरा लॅपटॉपांचे पडदे काळे ठिक्कर.

सरांचा चेहरा उतरला. साडूभाऊंनी एक लॅपटॉप पालथा घातला, स्टिकर वाचलं, मग टिकली पाहिली. ती कोपऱ्याला चिकटून, तिरकी बसली होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग ते सरांकडे वळून म्हणाले, “चूक माझी हाय साहेब. नजर चुकली.”

मी तिथेच उभा होतो. माझी नोकरी, सरांसमोरची माझी पत, बायकोपोरं, सगळं आठवलं आणि मी खरं सांगितलं नाही.

त्यांनी साठही लॅपटॉप पुन्हा पालथे घातले, साठही स्टिकरं वाचली आणि दिवेलागणीच्या आत एकूण एक दुरुस्त केला. रविवारी परीक्षा अशी झाली की एकाही पोराला जागा बदलावी लागली नाही. पण सरांच्या डोळ्यांपुढून ते अकरा काळे पडदे हलेनात. काम पुण्याला गेलं.

पुढे पुतणीच्या लग्नात, भोकरला, पंगतीत कोणीतरी त्यांना विचारलं, “लातूरचं मोठं काम हातचं का गेलं हो?” साडूभाऊ भातात वरणासाठी आळं करत म्हणाले, “नजर चुकली आपली.” सगळे हसले. मी मोठ्याने म्हणालो, “यांची नाही. टिकल्या मी काढल्या होत्या, मीच चुकीच्या लावल्या. यांना माहीत होतं.” ताई वाढता वाढता थांबल्या. त्यांनासुद्धा नवऱ्याने सांगितलं नव्हतं.

साडूभाऊ म्हणाले, “साठ पोरं बसली, साठांचे पेपर झाले. आता ते उकरून काय करून राहिले पाव्हणे? जेवा.” आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात त्यांनी जिलेबी वाढायला लावली.

मी जेवलो. या माणसाचा मला जितका अभिमान आहे तितका स्वतःच्या कशाचाच नाही. पण भोकरच्या पंगतीत बोललो ते वाक्य लातूरच्या हॉलमध्ये, सरांसमोर बोलायला पाहिजे होतं. तेव्हा ते त्यांच्या उपयोगाचं होतं.