म्हशीची आंघोळ

राजारामपुरीतल्या त्या लॅबमध्ये माणूस नाकाला रुमाल लावूनच शिरतो. शरीरातून कापलेले तुकडे टिकावेत म्हणून ज्यात बुडवून ठेवतात, त्या फॉर्मालिनचा वास तसा जबरदस्त आहे. रूपालीताई मात्र बारा वर्षं त्या वासात बसून डबा खातात. तुकड्याच्या कागदापेक्षा पातळ चकत्या कापून काचेवर चढवायच्या, हे त्यांचं काम. रिपोर्टवर सही मोठ्या डॉक्टरांची, नजर ताईंची. हे डॉक्टरही मान्य करतात, फक्त मोठ्यानं नाही.

कागलकडच्या आकाराममामांच्या नाकात लालबुंद कोंब वाढला होता. श्वास बंद, वास बंद, वर रक्त. दोनदा कापला, दोनदा परत उगवला. तुकडा तपासायला कुणी पाठवलाच नव्हता. तिसऱ्यांदा कान-नाक-घशाच्या अनुजा डॉक्टरांनी पाठवला. ताईंना काचेवर अंजीर फोडल्यागत बियांनी गच्च भरलेल्या गोल पिशव्या दिसल्या. ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. नाकापेक्षा नाव लांब.

हा रोग बहुधा जनावरं डुंबतात त्या साठलेल्या पाण्यातून येतो. "आंघोळ कुठं करता?" अनुजा डॉक्टरांनी विचारलं.

मामा छाती काढून म्हणाले, "घरात बाथरूम हाय. टाइल्स बसवल्यात."

लगेच डॉक्टरांचा लॅबला फोन : "नमुना बदलला तर नाही ना?"

हे ताईंना झोंबलं. त्यांनी मामांनाच बोलावून घेतलं. मामा आले आणि रुमालबिमाल न लावता त्या वासात निवांत वडा खायला लागले.

"मामा, म्हसरं कुठं धुता?"

"खाणीच्या डबऱ्यात. रोज."

"काठावरनं?"

"काठावरनं म्हस धुऊन निघती व्हय? गळ्याएवढ्या पाण्यात असतो की. बुडी मारून पोट घासाय लागतंय."

"मग डॉक्टरांना का सांगितलं न्हाय?"

"त्यांनी माझी आंघोळ इचारली. ही म्हशीची!"

मग अनुजा डॉक्टरांनी कोंब कापून मूळही डागलं आणि वर कित्येक महिन्यांच्या गोळ्या दिल्या. डबरं मात्र कायमचं बंद. मामा अडून बसले. "पायपानं म्हस धुवायची? गाव हसंल."

"हसू दे. चौथ्यांदा कापताना गाव येणार हाय का?" ताई म्हणाल्या. पुढं दर रविवारी त्या फोन करायच्या. आधी म्हशींची चौकशी, मग गोळ्यांची.

वर्षानं मामा तपासणीला निघाले. वाटेत लॅबच्या दारात आले, थबकले आणि टॉवेल नाकाला लावला.

"अगं पोरी, कसला घाण वास ह्यो! हितं जेवतीस कशी गं तू?"

ताईंनी डबा बाजूला सारला आणि अनुजा डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, मामांना वास आला."