परतीचा आवाज

कराडच्या गॅरेजात मी माझी स्कूटर दुरुस्त करून घेत होतो, तेव्हा एक म्हातारी बाई पाचगणीहून लाल रंगाची, दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आली होती. सायलेन्सर गंजून फुटला होता. श्रीमंतांच्या चैनीविरुद्ध मीच लिहिलेली पत्रकं माझ्या पिशवीत होती, त्यामुळे मी तिच्याकडे रागानेच बघत होतो.

मिस्त्रीने नवा सायलेन्सर बसवला आणि खुशीत म्हणाला, "आवं बाई, आवाज दाबाया आत काचेची लोकर जादा भरलीया. आता मांजरागत गप पळतीया बघा!"

"गप नको हो," ती कळवळून म्हणाली. "आमचे हे होते तेव्हा घाटात हिचा आवाज आला की मी चहा ठेवायची. ते दारात येईपर्यंत उकळायचा."

मिस्त्रीने सायलेन्सर उतरवून जादाची लोकर काढली. गाडी गुरगुरली. मग तिने त्यालाच स्टिअरिंगवर बसवलं. "मी आत बसले तर लांबून कसा ऐकू येतो ते कळणार नाही. पुलापर्यंत जा आणि परत या."

त्या पत्रकातलं एक अक्षरही मी आज बदलणार नाही. पण ती रस्त्याकडेला डोळे मिटून उभी राहिली, आणि वळणावर आवाज येताच तिचा हात हवेतच गॅसचं बटण फिरवल्यासारखा वळला.