कळलावी

घाटात गाडी थांबली, तेव्हा दरडीवरच्या कारवीतून ते फूल डोकावत होतं. पाकळ्या उलट्या वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकांना लाल, चुलीतल्या जाळासारख्या. मी हात पुढे केला.

"नको गं, कळलावी आहे ती," मागून सासूबाई म्हणाल्या.

हिला घरात आणलं की भांडणं लागतात, हे ऐकून होते. मी हसले. सासूबाई माझ्या सातव्या महिन्याच्या पोटाकडे बघत होत्या.

"भांडणाची नव्हे. बाळंतपणाची कळ. अवेळी लावते."

गुरंही हिला तोंड लावत नाहीत, म्हणून तर ही उघड्या कड्यावर इतकी निवांत फुलते. मी हात मागे घेतला, तर पानाचं वळलेलं टोक ओढणीत अडकलेलं. ते सोडवताना पोटात काहीतरी हललं. बाळाची लाथ की कळ, मला कळेना.