धाकटेदादांच्या आधीची चौकट

आमच्या पिढीत सगळ्यांत थोरले कोण, तर धाकटेदादा. नवा माणूस हे ऐकून हसतो. आम्ही हसायचं केव्हाच विसरलो. ते माझे चुलतभाऊ. भावंडांत पहिले, पण माझी काकू, म्हणजे त्यांची आई, त्यांना पाळण्यात असल्यापासून ‘धाकट्या’ म्हणते. त्यांचं खरं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. विचारलं तर म्हणायची, “जीभ वळली तशी वळली.” मग आम्हीही आपापल्या जिभा तशाच वळवल्या, मागे आदराचं ‘दादा’ जोडलं आणि मोकळे झालो.

दादांचं आयुष्य छापखान्यात गेलं. आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, पुढे मुद्रितं तपासली. तपासायची तिथली रीत अशी, की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर बोट फिरवत बघायचं. एकट्याचा डोळा फसतो, असं दादा म्हणत. त्याला जे हवं असतं तेच त्याला दिसतं. छापखाना बंद पडला तेव्हा खिळे भंगारात गेले. ही रीत तेवढी दादांबरोबर घरी आली.

घरी बसून त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला आणि आमच्या घराण्याची वेबसाइट काढली. माणसागणिक एक चौकट, ती नातेवाइकांनाही भरता यायची. हयात माणसाची हिरवी, गेलेल्याची राखाडी. जुन्या वंशावळीत नुसते बाप आणि लेक होते, जशी काही पोरं झाडालाच लागत होती. दादांनी त्यात लेकी आणल्या, सुना आणल्या, त्यांची माहेरं आणली. पण नियम छापखान्याचा: एकाच्या सांगण्यावर काही पक्कं व्हायचं नाही. दुसऱ्या तोंडाने दुजोरा देईपर्यंत चौकटीवर प्रश्नचिन्ह, आणि दुसरं तोंड नाहीच मिळालं तर चौकट काढून टाकायची. या नियमापायी एका घरातला सेनापती पणजोबा त्यांनी पुसून टाकला. त्या घरातली माणसं अजून बोलत नाहीत.

त्यांची कामाची जागा म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. खाली सुताराचं आवार. दिवसभर रंधा चालायचा, लाकडाचा कोरडा वास वर यायचा आणि दादांच्या पडद्यावर एकामागून एक मेलेली माणसं उघडायची. कुणाची मान वाकडी, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा चेहराच उडालेला. वहिनी चहा घेऊन दारात थबकायच्या. “किती कप आणू? तुमच्या खोलीत माणसं फार झालीत हो.”

दादांच्या स्वतःच्या चौकटीत त्यांचा लहानपणीचा फोटो होता. वेताच्या खुर्चीवर बसलेलं गुबगुबीत पोर, हातात लाकडी बदक. हा फोटो काकांनी बैठकीच्या खोलीत टांगला होता. खाली दादांनी स्वतः लिहिलं होतं: ‘बदक फोटोवाल्याचं होतं. परत देताना मी फार रडलो. त्याच्या चोचीचा रंग उडालेला होता, तो मला अजून आठवतो.’

तर झालं काय, की साइट सुधारताना दादांनी तिला एक नवी सोय जोडली. एकच माणूस दोनदा आला असेल तर ती शोधून विचारायची: ‘या दोन चौकटी एकाच व्यक्तीच्या दिसतात. एकत्र करू?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. आमच्या घराण्याला ही सोय वरदानच होती, कारण माहेरच्या नावाने एक आणि सासरच्या नावाने एक अशा आमच्या बहुतेक आत्या दोन-दोन झाल्या होत्या. दादा सकाळपासून आत्या सांधत बसले. हो, हो, हो. त्या ओघात त्यांचं स्वतःचं नाव आलं. तेच नाव, तेच आईबाप, जन्मसाल तेवढं अलीकडचं-पलीकडचं. एक चौकट त्यांची, दुसरी त्यांच्या मावसबहिणीने भरलेली, प्रश्नचिन्हाची. “हिला माझं साल धड ठाऊक नाही,” असं पुटपुटून दादांनी ‘हो’ दाबलं. चौकटीत खाली काय लिहिलंय ते त्यांनी बघितलं नाही. वाचून दाखवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि एकट्याचा डोळा फसतो.

दुपारी त्यांच्या पाठच्या बहिणीचा फोन आला.

“दादा, आहेस ना रे?”

“आहे की. का गं?”

“साइटवर गेलायस. राखाडी झालायस. अडीच वर्षांचा असतानाच गेलास म्हणे.”

“असं?”

“मग जन्मभर माझे कान कोण पिळत होतं?”

“निदान कळवायचं तरी होतंस!” दादा हसत म्हणाले.

“कळवणार कुणाला? घरातलं सगळं कळवणारा तूच!”

दोघं खूप हसले. हसत हसतच दादांनी पान उघडलं, आणि हसू जागच्या जागी विझलं. राखाडी चौकट. अडीच वर्षांचं पोर, आणि त्याच्या खाली बायको, तीन लेकरं, छापखान्यातली नोकरी, नातवंडं. सगळं त्याच्या मरणानंतरचं. खाली सुताराचा रंधा थांबला होता. मृत्यूची तारीख कुठून आली म्हणून पाहिलं, तर मावसबहिणीच्या चौकटीतून. त्यांनी तिला फोन लावला. तिने तो तिच्या आईकडे दिला. ही मावशी म्हणजे काकूची धाकटी बहीण.

“मावशी, हे काय भरलंय हिने?”

मावशी म्हणाली, “तुला कुणी सांगितलंच नाही होय रे? मला वाटलं, एवढं घराणं उकरतोयस, तर स्वतःच्या दारातलं ठाऊक असेल.”

“कोण होता?”

“पहिला. तापाने गेला. तू झालास तेव्हा तुझ्या बापाने तेच नाव ठेवलं. म्हणाला, एवढं हौसेने शोधलेलं नाव, वाया कशाला घालवायचं! ताईने तोंड फिरवलं. पुढे मला म्हणाली, या घरात त्याचं काढू नकोस. नाही काढलं.”

दादांनी दोन्ही चौकटी वेगळ्या केल्या. त्यांची हिरवी झाली. त्यांच्या आधी एक राखाडी उरली, प्रश्नचिन्हासकट. एक तोंड मिळालं होतं. काका केव्हाच गेले होते, शेजारपाजार पांगला होता. दुसरं तोंड जगात एकच राहिलं होतं, आणि ते भिंतीपलीकडे उशांचे अभ्रे शिवत बसलं होतं. काकूने साइट कधी पाहिली नव्हती. “मेलेल्यांची हजेरी कसली घेतोस?” म्हणून ती गॅलरीचा उंबरासुद्धा ओलांडायची नाही.

दादा विचारीनात. जेवताना आईच्या तोंडाकडे बघत आणि मान खाली घालत. मला मात्र एकदा म्हणाले, “कुणी मला हाक मारली ना, की वाटतं आधी दुसरंच कुणीतरी वळून बघतंय. मी आपला त्याच्यामागून.”

शेवटी वहिनी बोलल्या. “अहो, विचारा तरी. नाहीतर मिटवा ते प्रश्नचिन्ह आणि व्हा मोकळे. तुमचीच साइट आहे.”

“मग त्या सेनापतीला का पुसलं? परक्याला एक नियम आणि भावाला दुसरा?”

“तर मग पुसा भावाला.”

हे शब्द ऐकले आणि दादा उठलेच. आईला हाताला धरून गॅलरीत आणलं. कशी कोण जाणे, ती आली. तिला आपल्या खुर्चीत बसवून स्वतः शेजारी स्टुलावर बसले.

“आई, छापखान्यात करायचो तसं करू. मी वाचतो, तू बघ. चुकलं तिथे थांबव. बरोबर असेल तर काही बोलू नकोस.”

त्यांनी बापाचं नाव वाचलं. मग आईचं. मग पुढच्या चौकटीवर आले, राखाडी, फोटोची जागा रिकामी. नाव वाचलं. स्वतःचंच नाव, पण आवाज परक्याचं घेतल्यासारखा. जन्मतारीख वाचली. काकूने थांबवलं नाही. मृत्यूची तारीख वाचली. तिने थांबवलं नाही. सुताराची करवत तेवढी खाली चालली होती.

मग ती म्हणाली, “तेव्हा तू पोटात होतास. मला धड वाकताही येत नव्हतं. त्याला शेवटचं उचललं ते तुझ्या बापाने.”

दुसरं तोंड मिळालं. दादांनी प्रश्नचिन्ह काढलं. सुटकेचा श्वास टाकून, रीत पुरी करायची म्हणून ते पुढच्या चौकटीवर, स्वतःच्या चौकटीवर आले. नाव, तारीख, आणि फोटोखालची ती बदकाची ओळ.

“थांब,” काकू म्हणाली.

“काय चुकलं?”

“फोटो. हा तू नाहीस.”

“आई, मला आठवतं गं. ती खुर्ची. ते बदक. चोचीचा रंग उडालेला...”

“बदकासाठी तो रडला होता. तुझा फोटो काढलाच नाही आम्ही. माझा जीव होईना. तुझा बाप तुला मांडीवर घेऊन या फोटोपुढे बसायचा आणि सांगायचा, हा तू, असा बसला होतास, असा रडलास. मी आत निघून जायची.” मग तिने पडद्यावरच्या पोराच्या गालावर बोट टेकवलं. “त्याचं त्याला दे, धाकट्या.”

दादांनी फोटो हलवला. बदकाची ओळ हलवताना त्यातला ‘मी’ काढून ‘तो’ घातला, ‘रडलो’चं ‘रडला’ केलं. अक्षराच्या जागी अक्षर. असल्या दुरुस्त्या त्यांनी जन्मभर केल्या होत्या, पण ही त्यांनी दोनदा वाचून पाहिली. चोचीची ओळ तेवढी राहिली. ती कुणाची म्हणायची, ते दोघांनाही कळेना. दादांनी ती पुसून टाकली.

आता काकू रोज दुपारी अभ्रे घेऊन गॅलरीतच बसते. तिथे पहिल्याचा फोटो आहे आणि दादांच्या चौकटीत माणसाची नुसती करडी आकृती आहे. आम्ही म्हणतो, आत्ताचा फोटो लावा की. ते म्हणतात, “लावू. आधी सवय होऊ दे.”

पण साइटला कसली सवय! तिच्या लेखी नाव तेच, आईबाप तेच. ती दर वेळी उघडताना विचारते: ‘या दोन चौकटी एकाच व्यक्तीच्या दिसतात. एकत्र करू?’ खाली ‘पुन्हा विचारू नका’ असंही एक बटण आहे. दादा ते दाबत नाहीत. परवा मी शेजारीच बसलो होतो. प्रश्न आला तसं दादांनी तो मोठ्याने वाचला. काकूने सुई थांबवून वर पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

दादांचं बोट ‘नाही’वर गेलं. पण टेकण्याआधी ते थोडं थांबलं, आतून कुणाचा होकार येतोय का, ते ऐकल्यासारखं.