रॉकेटमामूंची यादी

तेल्हाऱ्यात अब्दुल सत्तार कोण म्हणून विचारलं तर चार जण डोकं खाजवतील. रॉकेटमामू म्हणा, पानटपरीवालाही हातातलं पान ठेवून घर दाखवायला निघेल. तीस वर्षं ते शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर म्हणजे काचेच्या नळ्या धुणारा, कपाटाला कुलूप लावणारा माणूस. शिक्षक आले आणि बदलून गेले, मामू मात्र त्याच बाकांमध्ये म्हातारे झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकलला हवेचा पंप, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक गोफण बांधली आणि बाजाराबाजारातून रॉकेट समजावत फिरू लागले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी एक दमडी देत नव्हतं. माणसाला एखादी खाज असते, ती त्यांना होती.

बाटलीत अर्धं पाणी, वरून पंपानं हवा, आणि बाटली सू करून टपऱ्यांच्या वर. लोक जमले की मामूंचं तोंड सुटायचं. "फवारणीचा पंप जोरात सोडला की हाताले मागं झटका बसते का नाई? बस, त्याच झटक्यावर रॉकेट वर जाते." कोणी विचारायचं, चंद्र खाली का पडत नाही. मामू गोफण गरगर फिरवून दाखवायचे. "दगड पडला काय? मंग चंद्र काहून पडन?" एखाद्या मास्तरानं मध्येच सुधारणा केली तर म्हणायचे, "सर, तुमचं बरोबर हाय. पन ते समजलं कोनाले?"

एक गोष्ट मात्र ते पाळत. ठाऊक नसलं तर नाही म्हणायचे. थाप मारून टाळ्या घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. आकाशाबद्दल लोक आधीच पुष्कळ खोटं ऐकतात, आपण त्यात भर घालू नये, असं ते म्हणत.

दोन हजार तेवीसच्या त्या ऑक्टोबरात लोकांना चंद्राचं वेड लागलं होतं. आपलं यान उतरून दीडच महिना झाला होता. तेवढ्यात मामूंच्या मुलीनं, उज्मानं, एक बातमी आणली. उज्माचं बाजारात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. अमेरिकेचं एक यान पुढच्या वर्षी गुरूच्या एका चंद्राकडे जाणार होतं, आणि जगातल्या कोणाही माणसाचं नाव एका चिपवर कोरून सोबत नेणार होतं. फुकट. अक्षरं केसाच्या हजाराव्या भागाएवढी. मामूंना रात्र काढवेना. बाजाराच्या दिवशी सकाळीच त्यांनी दुकानासमोर टेबल मांडलं आणि हाळी दिली की, ज्याला जायचं त्यानं नाव द्या.

पहिला आला सूर्यभान, तोच पानटपरीवाला. त्यानं आईचं नाव सांगितलं.

"अरे, तुयं दे ना," मामू म्हणाले.

"मायं कायले? मी हाय ना इथं. माय जाऊन सहा वर्सं झाली. तिनं अकोल्याच्या पुढं काई पायलं नाई."

दुसऱ्यानं बापाचं दिलं, तिसरीनं सासूचं. पितृपक्ष चालू होता. मामूंना हे माहीत नव्हतं असं नाही, जन्म तेल्हाऱ्यात गेला होता. पण त्याचा या टेबलाशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. वर जायचं नाव म्हणजे गेलेल्या माणसाचं, हे लोकांनी आपसूक ठरवून टाकलं होतं. तिथेच टेबल उचललं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण रांग बाजाराच्या वळणापर्यंत गेली होती. रॉकेटच्या नावानं एवढी माणसं मामूंनी जन्मात पाहिली नव्हती, आणि मोह कोणाला चुकला आहे?

दुपारी नत्थुजी आले. थोडी शेती, मान खाली घालून चालणारा माणूस. त्यांनी टेबलाच्या काठावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "किशोर नत्थुजी."

उज्माची बोटं थांबली. किशोर त्यांचा एकुलता एक मुलगा. अमरावतीला एका कारखान्यात होता. सुरतेला बरं काम आहे म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानं बडनेऱ्याहून गाडी धरली. 'गाडी लागली, मंग करतो,' एवढा त्याचा शेवटचा फोन. मग फोन नाही, माणूस नाही. नत्थुजींनी फोटो घेऊन बडनेऱ्याचे फलाट किती वेळा पालथे घातले याला गणती नव्हती. पोलिसांच्या कागदावर तो बेपत्ता होता. त्याची आई पार्बताबाई रोज त्याचं ताट वाढत होती, आणि श्राद्धाचा शब्द काढणाऱ्याला उंबऱ्यावरून परत पाठवत होती.

"अब्बा, लिखूं क्या?" उज्मानं विचारलं.

नत्थुजींनी मान वर केली नाही. मागून रांग ढकलत होती. मामू म्हणाले, "लिख."

तो एक शब्द त्यांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पार्बताबाई पायरीवर बसलेली होती. हातात नाव नोंदवल्याचा छापील कागद. नवऱ्याच्या सदऱ्यात सापडला, शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला. "सत्तारभाऊ, त्यात समदे मेलेले लोक हायत. मायं पोरगं त्यायच्यात काहून बसवलं तुमी? काढा त्याले."

उज्मानं खटपट केली. एकदा गेलेलं नाव काढायची सोयच नव्हती. तिनं पत्र पाठवलं, यंत्रानं आभाराचं उत्तर धाडलं. पार्बताबाईनं तिथेच सांगितलं, नाव निघेपर्यंत भाकर खाणार नाही. केळं, साबुदाणा, चहा एवढ्यावर राहीन.

मग ती दर बाजाराला यायची आणि मामूंच्या समोर मांडी घालून बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिच्याएवढं रॉकेट कोणी शिकलं नाही. "उडाच्या आधी थांबवता येते का?" येते, शेवटच्या मिनिटालाबी थांबवतात. "खालच्या टाक्या गळून पडतात, त्यात नाव पडू शकते का?" नाई वयनी, नाव पार शेंड्यावर. "मंग तिथं पोचल्यावर परत कवा येते?" मामू बाटलीत पाणी भरू लागले. ते यान परत येणारं नव्हतं. मामूंनी आयुष्यभर असा विद्यार्थी मागितला होता, आणि मिळाला तेव्हा त्याच्याकडे बघवेना.

दिवाळीनंतरच्या बाजारात ती उठताना कोसळली. तोंडावर पाणी मारलं, डोळे उघडले. मनगटं काडीसारखी झाली होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, नाव निघालं का? मामूंनी उज्माकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"निघालं नाव, वयनी. कालच निघालं."

तिनं त्यांचा हात कपाळाला लावला. घरी जाऊन भाकर खाल्ली. तिच्या तोंडावर रंग आला तो साऱ्या गल्लीला दिसला.

आठ दिवसांनी नत्थुजी आले. दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून आले. "सत्तारभाई, नाव हाय ना त्यात?"

मामूंना वाटलं, वयनीला मारलेली थाप आता सांगून टाकावी. पण नत्थुजी बोलतच राहिले. "तिच्या लेखी तो येऊनच रायला. मंग तिच्यासमोर मी रडू कसा? पित्तरं करू देत नाई, फोटोले हार घालू देत नाई. मले एक ठिकान पाहिजे होतं, की बा, इकडं गेला पोरगा. आता संध्याकाळी गुरू दिसते, तवा वावराच्या धुऱ्यावर बसतो जरा."

"हाय त्यात," मामू म्हणाले. हे खरं होतं, आणि याचीच त्यांना भीती वाटली.

त्यानंतरचं वर्ष मामूंना चांगलं गेलं नाही. एकाच घरात एकाच ताटाशी बसणाऱ्या दोघांना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. बाजारात पार्बताबाई हसून राम राम घालायची, तासाभरानं नत्थुजी मान हलवून जायचे, आणि मामूंच्या हातात बाटली तशीच राहायची. बाटली वर गेली की लोक टाळ्या पिटत. मामूंना वाटे, वरून कोणी विचारतंय की मला कोणाच्या सांगण्यावरून पाठवलं. नमाज पढताना रकातींची मोजणी चुकू लागली. संध्याकाळी गुरू दिसला की ते आत जाऊन बसत. ज्या माणसानं साऱ्या तालुक्याला आभाळ दाखवलं, तो आभाळाला तोंड चुकवू लागला होता.

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात यान निघायचं ठरलं. आधी तिकडे वादळ आलं, उड्डाण पुढे गेलं. मामूंनी मनातल्या मनात वादळाला दुवा दिली. पण वादळ सरलं, आणि यान गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात उड्डाणाचं चित्रण दाखवायचं होतं, आणि मग यादी वाचायची होती. लोकांनीच मागणी केली होती: आमच्या माणसांची नावं एकदा कानावर पडू द्या. उज्मानं दोन कागद मामूंच्या हातात दिले. "अब्बा, दो निकाले. एक में है, एक में नहीं."

दारातच नत्थुजी भेटले. "जरा मोठ्यानं वाचजा, मले कमी आयकू येते."

मागून पार्बताबाई आली, नवं लुगडं नेसून. "समद्यायचे नाव आयकते, भाऊ. मायावाल्याचं येनार नाई. तेवढं या कानानं आयकलं की जीवाले बरं वाटन."

दोघं शेजारी शेजारी बसले. पडद्यावर धूर झाला, उजेड झाला, बायकांनी हात जोडले. मामू उभे राहिले. दोन्ही कागद त्यांच्या हातात होते. नाव वाचलं तर आईचा पोरगा आज मरणार होता. नाही वाचलं तर बापाची धुऱ्यावरची जागा जाणार होती. काय बरं, काय वाईट, हे त्यांना कळेना. कळत होतं एवढंच, की ते नाव खरोखर वर चाललं आहे आणि आता आपण कुठलाही कागद वाचला तरी ते थांबणार नाही. एक कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

नावं वाचायला लागले. प्रत्येक नावानंतर सभागृहात कोणीतरी नाक ओढायचं, की पुढचं नाव. चोपन्नावं आलं. नत्थुजींनी सांगितलं होतं म्हणून मामूंनी आवाज चढवला.

"किशोर नत्थुजी."

नत्थुजींनी डोळे मिटले. पार्बताबाईनं मामूंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मामूंनी तो आनंदानं घेतला असता. रांगेतल्या बायका तिच्याकडे वळल्या. मग, शाळेत हजेरी घेताना पोरं देतात तशी, बसल्या जागेवरून तिनं ओ दिली.

"हजर."

नत्थुजींच्या गळ्यातून एक आवाज निघाला. त्यांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं, तरी तो थांबेना. पाच वर्षांत बायकोसमोर ते पहिल्यांदा रडत होते.

पार्बताबाई त्यांच्याकडे वळली. मग तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रडून घ्या," ती म्हणाली. "तो आला की सांगीन त्याले, बाप रडला होता म्हनून."

मामू यादी धरून तसेच उभे राहिले. अजून दीडशेच्या वर नावं वाचायची होती.